विमा उतरवलेलं पार्सल हरवलं, आठ महिने पैसे नाहीत

ताई, इंदूरहून पुण्याला बारा माहेश्वरी साड्या, ३८,०००चा विमा, पार्सल पोचलंच नाही, आणि आठ महिने पोस्टाचं एकच पालुपद: ‘चौकशी चालू आहे’. कोर्टात जाऊ का, असं विचारलंय तुम्ही.

थांबा, आधी पावती काढा. तिच्यावर विम्याची रक्कम छापली आहे ना? नुसतं स्पीड पोस्ट असतं तर हरवल्यावर टपालखर्चाच्या दुप्पट किंवा १,००० रुपये, यातलं जे कमी तेवढंच. विमा असला की पोस्टाने जबाबदारी अंगावर घेतलेली असते. त्यामुळे ‘कायद्याने आम्ही जबाबदार नाही’ असं पत्र आलं तर दबू नका. पूर्वी १८९८च्या टपाल कायद्याचं कलम ६ दाखवायचे, १८ जून २०२४ पासून नव्या टपाल कायद्याचं कलम १० आहे.

मिळेल ते मालाच्या खऱ्या किमतीइतकं, विम्याच्या आत. म्हणून विणकराचं बिल हवंच. गेलेलं गिऱ्हाईक, बुडालेला नफा विसरा. मी एकदा हप्ता वाचवायला २०,०००च्या मालाचा ५,०००चा विमा केला होता. पाचच हातात आले, चूक माझीच.

आता प्रवर डाक अधीक्षकांना, म्हणजे तुमच्या भागातल्या टपाल कचेऱ्यांच्या वरिष्ठ अधिकाऱ्यांना, लेखी अर्ज द्या. सोबत पावती, बिल आणि ‘माल मिळाला नाही’ असं पुण्याच्या गिऱ्हाइकाचं सहीचं पत्र जोडा. आपल्या प्रतीवर पोच-शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. त्याच दिवशी १० रुपयांचा माहिती अधिकाराचा अर्ज टाका: पार्सलची शेवटची नोंद कुठल्या कचेरीत, फाईल कोणाच्या टेबलावर, तिच्यावर शेरे काय? उत्तराची मुदत ३० दिवस. बहुतेक वेळा एवढ्यानेच झोपलेली फाईल कूस बदलते.

तरी हललं नाही तर सगळे ग्राहक आयोग सुचवतील. वाईट नाही: घरच्या जिल्ह्यात तक्रार करता येते, वकील सक्तीचा नाही. पण दुकानाचा माल म्हटला की ‘हा व्यापारी हेतू, तुम्ही ग्राहकच नाही’ हा आक्षेप ठरलेला. एकट्याने पोटापुरता धंदा करत असाल तर कायद्यात सूट आहे, मात्र ते तुम्हीच पटवून द्यायचं. मुदत दोन वर्षं, आणि पत्रव्यवहाराने ती लांबत नाही.

तुमच्या जागी मी असतो तर स्थायी लोक अदालतीत गेलो असतो. टपालसेवा तिच्या कक्षेत येते, कोर्ट फी नाही आणि ग्राहक कोण हा वादच नाही. अधूनमधून भरणारी राष्ट्रीय लोक अदालत वेगळी, तिथे समेट झाला तरच निकाल. स्थायी अदालतीत समेट फिसकटला तरी निकाल देता येतो आणि तो अंतिम. मात्र अर्ज केला की तोच वाद दुसऱ्या कोर्टात नेता येत नाही, तेव्हा आयोग की अदालत हे आधी ठरवा. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात चौकशी करा. दिवाणी दाव्याआधी सरकारला दोन महिन्यांची नोटीस लागते. ३८,०००साठी मी त्या वाटेला जाणार नाही.

आणि ती पावती! काउंटरच्या कागदावरची शाई वर्षभरात उडते. आजच दोन झेरॉक्स काढा.