बिटकॉइनचा बाजार कार्यक्षम आहे का? आधी सांगा, कुठल्या काळातला

तुमचा प्रश्न असा की एक शोधनिबंध बिटकॉइनचा बाजार अकार्यक्षम म्हणतो आणि दुसरा कार्यक्षम (म्हणजे उपलब्ध माहिती भावात लगेच उतरते असा), मग खरं कोणाचं? दोघांचंही असू शकतं. अँड्र्यू अर्कहार्ट या संशोधकाने 2016 मध्ये हेच तपासलं. सगळा काळ एकत्र घेतला तेव्हा बाजार अकार्यक्षम निघाला, पण उत्तरार्ध वेगळा काढल्यावर काही चाचण्यांत तो पास झाला. इथे प्रश्न फक्त 'मागच्या भावांवरून पुढचा ओळखता येतो का' एवढाच आहे, हे लक्षात असू द्या.

त्यामुळे चाचणी एकदाच सगळ्या डेटावर लावू नका. समजा 500 दिवसांचा तुकडा घ्या, तो एकेक दिवस पुढे सरकवा आणि दर वेळी निकाल नोंदवा. आलेख शिडीसारखा चढत जाईल अशी अपेक्षा मात्र ठेवू नका. अर्थतज्ज्ञ अँड्र्यू लो यांनी 2004 मध्ये मांडलं ते हेच: खेळाडू आणि परिस्थिती बदलली की कार्यक्षमताही कमी-जास्त होते.

शिवाय माहिती असणं वेगळं आणि पैसा हलवता येणं वेगळं. 2017 च्या अखेरीस दक्षिण कोरियात बिटकॉइन अमेरिकेपेक्षा कितीतरी महाग होतं. फरक साऱ्या जगाला दिसत होता, पण भांडवल देशाबाहेर नेण्यावर बंधनं होती, त्यामुळे तो मिटवणार कोण? त्या काळात एकाच देशातल्या एक्स्चेंजांमधला (जिथे बिटकॉइनची खरेदी-विक्री होते) भावाचा फरक त्यामानाने किरकोळ होता.

बिटकॉइनपेक्षा छोट्या कॉइनांत तर डेटाच फसवतो. मीही फसलोय. समजा खरेदीदार 99 देतोय आणि विकणारा 101 मागतोय. एक सौदा 101 ला होतो, पुढचा 99 ला, मग परत 101 ला. भाव जागचा हललेला नाही, पण तुमच्या फाइलमध्ये दोन टक्के खाली, दोन टक्के वर असा झोका दिसतो. चाचणी म्हणते, अंदाज बांधता येतो! माझी बॅकटेस्ट (जुन्या भावांवर केलेली खरेदी-विक्रीची रंगीत तालीम) यावर झकास नफा दाखवत होती. प्रत्यक्षात मी 101 ला घेऊन 99 ला विकत होतो, वर फी वेगळी.

तेव्हा तुमच्या डेटात शेवटच्या सौद्याचा भाव असेल तर तो बाजूला ठेवा, खरेदीदाराचा आणि विकणाऱ्याचा अशा दोन्ही भावांचा मध्य घ्या आणि चाचणी पुन्हा चालवून निकाल इथे टाका.