चावी मित्राची, विमा कुणाचा?

प्रश्न: आम्ही दोघं जूनमध्ये चार महिने लेकीकडे इंग्लंडला चाललोय, लेस्टरला. तिच्याकडे गाडी नाही, ती बसने कामाला जाते. माझा कलाभवनातला जुना मित्र तिथेच स्थायिक आहे, त्याच्याकडे दोन गाड्या आहेत, म्हणतो एक घेऊन जा आणि चार महिने बिनधास्त वापर. पण आमच्या हिचं म्हणणं, फुकट कशी वापरायची, महिन्याचं काहीतरी भाडं ठरवा, मिंधेपण नको. तर भाडं किती दिलेलं बरं दिसेल? माझं वय ६३, बडोद्यात ३० वर्षं गाडी चालवतोय.
— एक वाचक, दांडिया बाजार, बडोदा

उत्तर: भाडं शून्य. वहिनींना पटणार नाही, पण आधी पूर्ण वाचा म्हणावं.

आपल्याकडे कसं असतं, विमा गाडीचा असतो. तुमच्या जीजे ०६ ची चावी तुम्ही भाच्याला दिली, त्याच्याकडे लायसन आहे, झालं, तो अकोट्याच्या पुलावर कुणाला ठोकून आला तरी पॉलिसी चालते. इंग्लंडात हिशोब उलटा आहे, तिथे विमा गाडीबरोबर माणसाचाही असतो, म्हणजे पॉलिसीवर ज्यांची नावं आहेत त्यांनीच ती गाडी चालवायची. तुमचा मित्र भले मनापासून म्हणाला असेल की ‘लई जा ने यार’, पण पॉलिसीवर फक्त त्याचं आणि त्याच्या बायकोचं नाव असेल तर तुम्ही स्टिअरिंगला हात लावलात त्या क्षणी गाडी विनाविम्याची. पोलिसांचा कॅमेरा नंबरप्लेट वाचून गाडीला विमा आहे की नाही एवढंच बघतो, पण पोलिसांनी थांबवलं की पॉलिसीवर तुमचं नाव आहे का तेही तपासतात. सापडलात तर ३०० पौंड दंड, लायसनवर ६ पेनल्टी पॉइंट, वर गाडी तिथल्या तिथे जप्त करून नेऊ शकतात. शिवाय गाडी चालवायला दिली म्हणून मित्रही गुन्हेगार, हे बरेच जण विसरतात.

आता भाड्याचं. खासगी गाडीचा विमा खासगी वापरापुरता असतो, आपल्याकडे नाही का पांढरी पाटी आणि पिवळी पाटी वेगळी, तसंच. मित्राने तुमच्याकडून दरमहा पैसे घेतले की ते झालं गाडी भाड्याने देणं, आणि बहुतेक पॉलिसींमध्ये ते सरळ वगळलेलं असतं. म्हणजे तुमचं नाव पॉलिसीत घातलेलं असलं तरी काही झाल्यावर कंपनी हात वर करायला मोकळी. मिंधेपण नको म्हणून दिलेले शंभर-दोनशे पौंड मित्राला केवढ्यात पडतील बघा. वहिनींना सांगा, भाड्याऐवजी विम्याचे पैसे भरा, त्यात दोघांचाही मान राहतो.

ते दोन तऱ्हेने होतं. एक म्हणजे मित्राच्या पॉलिसीत तुमचं नाव जोडायचं. पण भारतीय लायसन म्हटल्यावर काही कंपन्या नाही म्हणतात, काही प्रीमियम चांगलाच वाढवतात, आणि उद्या तुमच्याकडून क्लेम झाला तर मित्राचा इतक्या वर्षांचा नो क्लेम बोनस जातो, आणि मग चहाला बोलावतील पण पूर्वीसारखं नाही. दुसरी तऱ्हा मला जास्त बरी वाटते, तुमच्याच नावावर तात्पुरती पॉलिसी. तासापासून महिनाभरापर्यंतची मिळते, ऑनलाइन निघते, आणि वेगळी असल्यामुळे साधारणपणे मित्राच्या बोनसला धक्का लागत नाही. चार महिने सलग काढली तर महाग पडेल म्हणून सरळ हिशोब करा, रोज गाडी लागणार आहे का तुम्हाला? लेक बसने जाते म्हणजे बस आहे. ज्या आठवड्यात लांब कुठे फिरायचं ठरेल त्या आठवड्याची पॉलिसी घ्या, बाकी दिवस बस आणि पाय. फक्त घेण्याआधी वयाची अट आणि भारतीय लायसन चालतं का हे दोन्ही वाचून घ्या, ‘परदेशी लायसन चालेल’ असं लिहिलेलं असतं आणि खाली देशांची यादी असते.

मित्राच्या गाडीवर आणखी एक नजर टाका, दुसरी गाडी म्हणजे बहुतेक वेळा गॅरेजमध्ये पडून असलेली. तीन वर्षांवरच्या गाडीला तिकडे दरवर्षी एमओटी नावाची तपासणी लागते, आणि ती झालीय की नाही ते सरकारी साइटवर नंबर टाकला की फुकट दिसतं. मित्राला विचारायला संकोच वाटत असेल तर इथे बडोद्यातून बसल्या बसल्या बघता येईल.

माझंच सांगते. दोन वर्षांपूर्वी तिकडे मीही एका मैत्रिणीची गाडी चालवली होती, विमा वगैरे सगळं नीट होतं, त्यामुळे जरा फुशारकीतच होते. एका चौकात डावीकडे वळले आणि रिकामी लेन दिसली म्हणून तीच धरली, आपली सवय, रिकामं दिसलं की घुसायचं. ती बसची लेन होती. कुणी अडवलं नाही, काही नाही, मी बडोद्याला घरी परत आले, सुरसागरच्या काठावर बसून सेव-उसळ खाल्ली, विसरूनही गेले. पुढे कधीतरी फोनवर मैत्रिणीच्या मिस्टरांनी हसत हसत सांगितलं की तुझा फोटो आलाय. फोटोत गाडीची मागची बाजू, नंबरप्लेट, आणि रस्त्यावर पांढऱ्या अक्षरांत भलंमोठं ‘बस’ असं लिहिलेलं, ते मला चालवताना दिसलं नव्हतं आणि फोटोत अगदी ठसठशीत! दंड गाडीच्या मालकाच्या नावावर येतो, लवकर भरला तर निम्मा म्हणून त्यांनी मला न सांगता भरूनही टाकला होता. पुढच्या खेपेला भाखरवडीचे चार डबे नेले, तरी त्यांची मुलगी मला अजून ‘बसवाली मावशी’ म्हणते.

वेगाचं याहून त्रासाचं, कॅमेऱ्यात सापडलात तर नोटीस मित्राकडे, आणि गाडी कोण चालवत होतं ते त्याने २८ दिवसांत कळवायचं, नाही कळवलं तर पॉइंट त्याच्या लायसनवर. म्हणून कुठल्या तारखेला कोण कुठे गेलं एवढं एका वहीत टिपत जा. आणि वेगाचे आकडे मैलात असतात हं, वस्तीतला ३० चा बोर्ड म्हणजे आपले ४८, बऱ्याच गल्ल्यांत तर २० च.

रस्त्याची भीती मात्र बाळगू नका. स्टिअरिंग उजवीकडे, गाडी डावीकडून, अगदी आपल्यासारखंच. पेट्रोल स्वतः भरायचं, हिरवी नळी पेट्रोलची आणि काळी डिझेलची, हे एकदा मित्राकडून गाडीपाशी उभं राहून बघून घ्या. बेलग्रेव्ह रोडला गेलात की गुजराती एवढं कानावर पडेल की मांडवीत आल्यासारखं वाटेल, तेव्हा हॉर्न वाजवायचा मोह आवरा.

प्रश्न: इंग्लंडसाठी आरटीओतून इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट काढावंच लागतं का? एजंट म्हणतो त्याशिवाय एअरपोर्टवरच अडवतात.
— एक वाचक, गोरवा, बडोदा

उत्तर: एअरपोर्टवर कोण अडवतंय, तिथे लायसन विचारतच नाहीत. ब्रिटनमध्ये आपल्या लायसनवर १२ महिन्यांपर्यंत छोटी गाडी चालवता येते, परमिटची सक्ती नाही. पण भाड्याच्या गाडीवाले कधी कधी मागतात, आणि पुढे अमेरिकेला जायचं असेल तर तिथे राज्याराज्यात नियम वेगळे, म्हणून काढून ठेवलेलं बरं. फॉर्म ४ए, फी १००० रुपये, मुदत जास्तीत जास्त एक वर्ष. एजंट कशाला हवा? आणि परमिट एकटं चालत नाही, मूळ लायसन बरोबर लागतंच.

त्यापेक्षा लायसनची तारीख आधी बघा, हे वरच्या दांडिया बाजारवाल्यांनाही लागू. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पंचावन्नच्या पुढच्यांचं लायसन पाचच वर्षांचं रिन्यू होतं, तिथे असताना संपलं तर परमिटही संपलं. मुदत संपायच्या वर्षभर आधीपासून रिन्यू करता येतं, तेव्हा तिकिटाच्या आधी ते उरकून घ्या, मेडिकलच्या फॉर्मवर डॉक्टरची सही लागेल.