न्यू जर्सीतून पुण्यातला फ्लॅट घेताना

तुमचा प्रश्न थोडक्यात असा : जानेवारीत सहकुटुंब न्यू जर्सीला निघताय, वाघोलीत बांधकाम सुरू असलेल्या प्रकल्पात 75 लाखांचा टूबीएचके बघून ठेवलाय. तो आत्ताच घ्यावा की तिकडे बसल्यावर, आणि दुरून भाव कसा करावा? व्हिसा, बँक खातं एनआरओ (अनिवासी भारतीयांचं रुपयातलं खातं) करून घेणं, शेतजमीन विकत घेता न येणं हे सगळं सरकारी साइटवर नीट लिहिलेलं आहे, ते सोडून देतो.

तुम्ही 'गुंतवणूक' म्हणताय आणि त्याच दमात 'परत आलो तर राहायला होईल' असंही. या दोन वेगळ्या खरेद्या आहेत. राहायच्या घरासाठी माणूस उजेड, शाळा, आईबाबांचं घर किती लांब हे बघतो आणि चार पैसे जास्त देतो. भाड्याच्या घराला फक्त हिशोब लागतो. आपण नेमकं काय घेतोय हे मनाशी ठरलं नसेल, तर बोलणी करताना आपली बाजू आपल्यालाच ठाऊक नसते, आणि समोरच्या सेल्सवाल्याला ते दोन फोनमध्ये कळतं.

आधी हिशोब. 75 लाखांवर पुणे महापालिका हद्दीत मुद्रांक शुल्क 7 टक्के, म्हणजे 5.25 लाख. फक्त पत्नीच्या नावावर घेतलंत तर 6 टक्के; दोघांच्या नावावर घेतलंत की ही सवलत गेली. नोंदणी फी 30 हजार. बांधकाम चालू असल्यामुळे आणि किंमत 45 लाखांच्या वर असल्यामुळे जीएसटी 5 टक्के, 3.75 लाख. झाले 84.30 लाख. भाडं 22 हजार धरा आणि वर्षातून एक महिना घर रिकामं धरा : 2.42 लाख. त्यातून मेंटेनन्स 42 हजार, मिळकत कर 15 हजार, रंग-नळ-गीझर 15 हजार वजा करा. उरले 1.70 लाख, म्हणजे जेमतेम 2 टक्के, तेही आयकराआधी. मालक स्वतः राहत नाही म्हणून सोसायटी नॉन-ऑक्युपन्सी चार्ज लावेल तो वेगळा. तो सेवाशुल्काच्या 10 टक्क्यांपेक्षा जास्त लावता येत नाही, एवढं लक्षात ठेवा. घरमालक अनिवासी असला की भाडेकरूने पहिल्या रुपयापासून सुमारे 31 टक्के टीडीएस कापायचा असतो. बहुतेक भाडेकरूंना हे माहीत नसतं, त्यामुळे करारातच लिहा. हे भाडं अमेरिकेच्या रिटर्नमध्येही दाखवावं लागतं. तिथे परदेशातल्या भाड्याच्या घराचा घसारा (बांधकामाच्या झिजेपोटी उत्पन्नातून मिळणारी वजावट) 30 वर्षांवर मिळतो, त्यासाठी मूळ खरेदीचे सगळे कागद लागतात. शिवाय भारतातल्या सगळ्या खात्यांतली रक्कम मिळून वर्षात कधीही 10 हजार डॉलरच्या वर गेली, तर त्या खात्यांची माहिती वेगळी द्यावी लागते. बिल्डरला द्यायच्या हप्त्याचे पैसे एनआरओ खात्यात येऊन पडले तरी ही मर्यादा ओलांडली जाऊ शकते.

तयार फ्लॅट, ज्याला भोगवटा प्रमाणपत्र (इमारत राहायला योग्य असल्याचा दाखला) मिळालेलं आहे, त्याला जीएसटी नाही आणि भाडं पुढच्या महिन्यापासून सुरू. दुरून घेणाऱ्याने तयारच घ्यावा, असं माझं स्पष्ट मत आहे. बांधकामावर नजर ठेवायला तुम्ही तिथे नसणार.

तरीही हाच प्रकल्प हवा असेल तर महारेराच्या, म्हणजे बांधकाम प्रकल्पांवर देखरेख ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाच्या साइटवर नोंदणी क्रमांक टाकून प्रकल्पाचं पान उघडा. मुदत किती वेळा वाढवून घेतली, किती फ्लॅट बुक झाले, जमिनीवर कुठलं कर्ज आहे, कुठले दावे चालू आहेत, हे सगळं तिथे असतं. ब्रोशर बाजूला ठेवून मंजूर नकाशाशी मजले जुळतात का ते बघा. सातबारा आणि फेरफार ऑनलाइन निघतात. जमिनीच्या मालकीचा आणि बोज्यांचा 30 वर्षांचा सर्च रिपोर्ट मात्र स्वतःच्या वकिलाकडून घ्या, बिल्डरने हातात दिलेला धरू नका. पाण्याचं विचाराच. वाघोली, उंड्री, पिसोळी या पट्ट्यात टँकरवर चालणाऱ्या सोसायट्या आहेत, आणि मेंटेनन्सचा मोठा भाग तिथेच जातो. शेजारच्या तयार सोसायटीची उन्हाळ्यातली तीन महिन्यांची टँकरची बिलं कुणाला तरी बघून यायला सांगा. व्हिडिओ कॉल करायचा तर सेल्सवाल्याच्या फोनवरून नको, तुमच्या माणसाच्या फोनवरून करा. एकदा सकाळी आठला आणि एकदा रात्री, नळ उघडून, लिफ्टमधून, गेटबाहेरच्या रस्त्यापर्यंत.

भाव करायचं हत्यार म्हणजे इंडेक्स टू, नोंदलेल्या व्यवहाराचा सरकारी गोषवारा. नोंदणी विभागाच्या साइटवर त्याच इमारतीतले गेल्या सहा महिन्यांतले नोंदलेले व्यवहार शोधा. किंमत आणि क्षेत्रफळ दोन्ही मिळतं. कार्पेटवर (घराच्या आतलं वापरायचं क्षेत्रफळ) भागून दर काढा, सेलेबलवर (जिना-लॉबीचा वाटा धरून फुगवलेलं) नाही. तुमचा चुलतभाऊ पुण्यातूनच कोटेशन मागू दे, आणि तुम्ही वेगळं मागा. परदेशातला नंबर दिसला की आकडा बदलू शकतो. कोटेशन सर्वसमावेशक आणि लेखी हवं : फ्लोअर राइज (वरच्या मजल्याचा जादा दर), पार्किंग, इन्फ्रास्ट्रक्चर, लीगल, आगाऊ मेंटेनन्स. मूळ दर उतरवायला बिल्डर नाखूश असतो, कारण आधीचे ग्राहक भांडायला येतात. पण फ्लोअर राइज, लीगल, मॉड्युलर किचन, हप्त्यांचं वेळापत्रक यांत तो हलतो. उघडं पार्किंग विकताच येत नाही, त्याचे पैसे मागितले तर तिथेच थांबा. 'ऑफर आज रात्रीपर्यंत' याला उत्तर देऊ नका. नोंदणीकृत करारनाम्याआधी 10 टक्क्यांपेक्षा जास्त घेणं कायद्याने मना आहे. टोकन द्यायचंच असेल तर परताव्याची अट लेखी घेऊन द्या. आणि 50 लाखांच्या पुढच्या खरेदीत बिल्डरच्या प्रत्येक हप्त्यातून 1 टक्का टीडीएस तुम्हीच कापून भरायचा असतो. हे राहिलं की नोटीस तुम्हाला येते, बिल्डरला नाही.

एकटेपणाबद्दल विचारलंत. येतो, पहिल्या हिवाळ्यात जास्त येतो, मग कमी होतो. त्यावर फ्लॅट हा इलाज नाही. ताब्याची तारीख चार वर्षांनंतरची आहे. तोवर मुलं तिकडच्या मिडल स्कूलमध्ये असतील आणि परतीचा दिवस शाळा ठरवेल, तुम्ही नाही.

पॉवर ऑफ अ‍ॅटर्नी (मुखत्यारपत्र) बाबांच्या नावे करणार म्हणालात. निघायच्या आधी करारनामाच स्वतः हजर राहून नोंदवता आला तर सर्वांत उत्तम. नाही जमलं, तर पॉवर इथेच, पुण्यात, दुय्यम निबंधकाकडे तुम्ही आणि बाबांनी बसून नोंदवा. तिकडून करायची म्हणजे कॉन्सुलेटकडून साक्षांकन किंवा नोटरी करून राज्याचं अपोस्टिल (कागद परदेशात ग्राह्य धरला जावा म्हणूनचं प्रमाणपत्र), मग मूळ कागद कुरिअरने भारतात, आणि इथे पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत मुद्रांक शुल्क. सहीत थोडा फरक पडला किंवा पासपोर्टवरच्या नावात वडिलांचं नाव नसलं, तरी सगळं पहिल्यापासून. मजकुरात फ्लॅट क्रमांक, महारेरा क्रमांक आणि ठरावीक अधिकार लिहा : सही, नोंदणी, ताबा, वीजमीटर. विक्रीचा आणि कर्जाचा अधिकार देऊ नका. इतक्यासाठी सरसकट पॉवर कुणालाही देऊ नये, सख्ख्या भावालासुद्धा.

आणि जे मला अजून बोचतं ते सांगतो. पॉवर दिली की कष्टही देतो आपण. टोकन घेऊन जिन्यावर उभं राहणं, सर्व्हर बंद म्हणून परत येणं, थंबमशीनवर वयामुळे झिजलेला अंगठा न उमटणं, ओटीपी तुमच्या बंद पडलेल्या भारतीय सिमवर जाणं. आपण रात्री फोनवर 'झालं का?' विचारतो आणि ते 'होतंय रे' म्हणतात. नाही म्हणणं त्यांच्याकडून होत नाही. पुढे अकरा महिन्यांचा भाडेकरार केलात तर तो दर वेळी नव्याने नोंदवावा लागेल, तेव्हाही अंगठा त्यांचाच. म्हणून भारतीय नंबर पोस्टपेड किंवा रोमिंगवर जिवंत ठेवा, पळापळीसाठी पगारी माणूस किंवा एखादा एजंट ठरवा, त्याचा खर्च वरच्या 2 टक्क्यांतून वजा करा, आणि यातलं नेमकं काय काय बाबांवर पडणार आहे ते त्यांच्या सहीआधी, त्यांच्यासमोर बसून, वाचून दाखवा.