स्पॅनिश सायकलपटू म्हणजे घाटातलेच ना? मग ऑस्कर फ्रेइरे तीनदा विश्वविजेता कसा झाला?

शंका रास्त आहे. बाहामोंतेसपासून कोंतादोरपर्यंत स्पेनने नाव कमावलं ते चढावर. फ्रेइरे त्या पंगतीतला नाही. तो स्प्रिंटर, म्हणजे शेवटच्या काहीशे मीटरमध्ये सुसाट सुटणारा. जन्म १९७६ चा, कांताब्रियातल्या तोर्रेलावेगाचा.

पण सपाटीवर सरळ शर्यत लावली असती तर त्याच्यापेक्षा वेगवान पाच-सहा जण सहज निघाले असते. त्याचा फायदा वेगळा होता. जागतिक अजिंक्यपदाची शर्यत एकाच दिवसाची, अडीचशे किलोमीटरच्या आसपास, त्याच वळशावर पुन्हा पुन्हा फिरणारी. दर फेरीला तोच चढ आला की धिप्पाड स्प्रिंटर मागे गळतात. घाटवाले टिकतात, पण शेवटच्या दोनशे मीटरला त्यांच्या पायांत तो झटका नसतो. फ्रेइरे चढावर तग धरायचा आणि झटकाही राखून ठेवायचा. दिवसभर घोळक्यात असा लपायचा की कॅमेऱ्यालाही सापडू नये!

१९९९ मध्ये व्हेरोनात तर त्याला कोणी मोजलंच नव्हतं. वय २३, दुखापतींमुळे हंगाम जवळजवळ वाया गेलेला, व्यावसायिक म्हणून नावावर जेमतेम एक विजय. सगळे एकमेकांवर नजर ठेवून बसले असताना हा कडेने निसटला आणि विश्वविजेता झाला. लगेच मापेईसारख्या बलाढ्य संघाने त्याला उचललं. २००१ मध्ये लिस्बन, २००४ मध्ये पुन्हा व्हेरोना. तीन विजेतेपदं म्हणजे बिंदा, व्हान स्टीनबर्गन आणि मेर्क्स यांच्या बरोबरीने. नंतर सागानही तिथे पोहोचला. चौथं मात्र पुरुषांत आजवर कोणालाच जमलेलं नाही. फ्रेइरेने २०१२ मध्ये वाल्केनबर्गला शेवटचा प्रयत्न केला, तो फसला आणि त्याने निवृत्ती घेतली.

मापेईनंतरची बरीच वर्षं तो राबोबँक संघात होता. २००८ साली त्याने टूर द फ्रान्सची हिरवी जर्सी, म्हणजे गुणांच्या स्पर्धेतलं अव्वल स्थान, जिंकली, स्पेनसाठी पहिल्यांदाच. त्याचं फारसं कौतुक होत नाही, कारण स्पेनमध्ये टूर म्हटलं की एकूण विजेत्याची पिवळी जर्सीच. माझ्या मते हा अन्याय आहे.

मिलान-सान रेमो ही इटलीतली एकदिवसीय शर्यतही त्याने तीनदा जिंकली: २००४, २००७, २०१०. त्यातली २००४ ची फिनिश यूट्यूबवर जरूर बघा. जवळपास तीनशे किलोमीटरनंतर एरिक झाबेल पुढे आहे. ही शर्यत आधी चार वेळा जिंकलेला माणूस! जिंकलोच असं समजून तो दोन्ही हात वर करतो. हात हँडलवरून सुटले की शेवटच्या क्षणी सायकल पुढे रेटता येत नाही. शेजारी फ्रेइरे मान खाली घालून नेमकं तेच करतो. पहिल्यांदा बघाल तेव्हा नजर झाबेलच्या हातांकडेच जाईल. दुसऱ्यांदा फक्त पुढची चाकं बघा.