चिंगीसाठी एफडी मोडावी का?

नागपूरच्या मानेवाड्याहून एका काकूंनी लिहिलं आहे. घरी त्या आणि काका दोघंच. काका एसटीच्या हिंगण्याच्या वर्कशॉपमधून रिटायर झाले. १६ वर्षांपूर्वी तिथेच, दुरुस्तीला आलेल्या गाडीखाली सापडलेलं मांजराचं पिल्लू त्यांनी डब्याच्या पिशवीतून घरी आणलं. तीच ही चिंगी. तिच्या दोन्ही किडन्या गेल्या आहेत. तीन आठवड्यांपूर्वी चार दिवस ॲडमिट करून सलाइन लावलं, तेव्हा क्रिएटिनिन, म्हणजे किडनी किती बिघडली ते सांगणारा रक्तातला आकडा, ८.६ वरून ६.९ वर आलं. आता ते ९.८ आहे. वजन ४.२ किलोवरून २.३ वर आलंय. दवाखान्याने पुन्हा पाच दिवस ॲडमिट करण्याचा, नळीने अन्न देण्याचा आणि गरज पडल्यास रक्त चढवण्याचा खर्च ४२,००० रुपये सांगितला आहे. पुढे महिन्याला ९,००० लागतील. काकू विचारतात, पैसे कुठून काढू? काकांच्या गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी ठेवलेली दीड लाखाची एफडी मोडू, पोस्टातली सीनियर सिटिझन स्कीम मोडू, की बांगड्या गहाण ठेवू? काका म्हणतात, "माहा गुडघा थांबते, तिच्यापाशी टाइम नाही."

काकू, काकांचं हे वाक्य वाचून मी कॅल्क्युलेटर बाजूला ठेवला होता. पण तुम्ही हिशेब विचारलाय, म्हणून आधी हिशेबच मांडते.

काकांची ईपीएसची, म्हणजे पीएफकडून येणारी पेन्शन ३,१०० रुपये. पोस्टातल्या ९ लाखांवर ८.२ टक्क्यांनी तिमाहीला १८,४५० रुपये येतात, म्हणजे महिन्याला ६,१५०. मुलगा ८,००० पाठवतो. सगळं मिळून १७,२५०. यातून ९,००० चिंगीच्या औषधांना गेले, तर उरलेल्या सव्वाआठ हजारांत दोघांचा किराणा, वीजबिल आणि काकांच्या बीपीच्या गोळ्या बसवाव्या लागतील. मे महिन्यात नागपुरात कूलर बंद ठेवून वीजबिल वाचवता येत नाही, हे मी तुम्हाला सांगायला नको.

पोस्टातली स्कीम तर अजिबात मोडू नका. खातं उघडून अडीच वर्षं झालीत. दोन वर्षांनंतर पण मुदतीआधी बंद केलं, तर मुद्दलातून १ टक्का कापतात. तुमच्या ९ लाखांवर ते ९,००० झाले. थोडी रक्कम काढून बाकी तशीच ठेवू म्हटलं तर ते एका खात्यात होत नाही, अख्खं खातं बंद करावं लागतं. म्हणजे ४२,००० हाती येण्यासाठी ९,००० आधीच गेले, आणि दर तिमाहीचं येणं थांबलं ते वेगळंच.

बांगड्यांवरचं कर्ज पटकन मिळतं, पण ते फेडायला लागणारा पैसा याच १७,२५० मधून जाणार. आणि तुमच्या भाच्याने सुचवलेला क्रेडिट कार्डाचा रस्ता मनातूनही काढून टाका. बाकी राहिलेल्या रकमेवर महिन्याला साडेतीन टक्के म्हणजे वर्षाला ४२ टक्के व्याज होतं. त्यापेक्षा सावकार बरा म्हणायची वेळ येते.

राहिली एफडी. अगदीच लागलं तर ती न मोडता तिच्यावर ओव्हरड्राफ्ट मिळतो, एफडीच्या दरापेक्षा साधारण एक-दोन टक्के जास्त व्याजाने. पण बँकेतून काढले काय किंवा एफडीवर उचलले काय, ते गुडघ्याचेच पैसे. ऑपरेशनला २ लाख १० हजार लागणार, ६०,००० मुलगा देणार आणि दीड लाख एफडीचे. त्यातले ४२,००० गेले की दिवाळीनंतरचं ऑपरेशन पुढच्या वर्षावर गेलं. तुम्ही लिहिलंय की रात्री तीनला चिंगी उठते, तेव्हा काका भिंतीला धरून खाली वाकतात आणि तिला उचलून मातीच्या ट्रेमध्ये ठेवतात. तुम्ही जाग्या असून डोळे मिटून पडता, कारण त्यांना ते एकट्याने करायचं असतं. ते वाकणं कोणत्या गुडघ्यावर चालतं, याचाही विचार करा.

एवढ्यावरून नाही म्हणून टाकलं असतं तर मला स्वतःलाच ते पटलं नसतं. कारण ४२,००० मध्ये चिंगी खरंच दोन वर्षं धडधाकट जगणार असती, तर मी म्हटलं असतं की गुडघा सहा महिने ढकला आणि मुलाशी मी बोलते. म्हणून पैसे कुठून आणायचे याच्या आधी, या पैशांत तिला काय मिळणार ते बघू.

पहिल्या वेळी केलेला खर्च अगदी योग्य होता. मांजराची किडनी कधीकधी इन्फेक्शनने किंवा लघवी अडकल्याने अचानक बिघडते, आणि वेळेवर सलाइन लागलं की सावरते. ती शक्यता तपासायलाच हवी होती. त्या चार दिवसांत तुम्हाला उत्तर मिळालं. सोनोग्राफीत दोन्ही किडन्या आक्रसलेल्या निघाल्या, म्हणजे हा जुना आजार आहे. आक्रसलेली किडनी पुन्हा भरून येत नाही. सलाइनने रक्तातलं विष थोडं धुऊन निघतं, एवढंच. क्रिएटिनिन ५ च्या पुढे गेलं की तो चौथा, म्हणजे शेवटचा टप्पा. चिंगी सलाइनच्या जोरावरही ६.९ च्या खाली आली नाही आणि दोन आठवड्यांत ९.८ वर पोचली. रक्तातल्या लाल पेशींचं प्रमाण १४ टक्क्यांवर आलंय. निरोगी मांजरीत हा आकडा साधारण ३० च्या वर असतो. रक्त बनवायचा निरोप हाडांना किडनीच देते आणि ती आता तो देत नाही. म्हणून चढवलेलं रक्तही काही दिवसच पुरेल.

हे ४२,००० देऊन तुम्हाला तेच उत्तर दुसऱ्यांदा मिळेल. तिच्या वाट्याला येतील पाच दिवस पिंजरा, पायाला सुई, गळ्यात नळी आणि शेजारी भुंकणारे कुत्रे. उद्या बरं वाटावं म्हणून आज सोसायचं, हे माणसाला समजावता येतं. तिला कुणी आणि कसं समजावायचं?

आठ वर्षांपूर्वी आमच्या बोक्याला मी असंच तिसऱ्यांदा ॲडमिट केलं होतं. डॉक्टरांची काही चूक नव्हती, आग्रह माझाच होता. चौथ्या दिवशी पहाटे तो पिंजऱ्यात एकटाच गेला. बिल भरताना माझ्या ओढणीवर त्याचे केस होते, आदल्या संध्याकाळी मांडीवर घेतलं होतं तेव्हाचे. ते पैसे गेल्याचं मला कधीच दुःख झालं नाही. ती रात्र मात्र अजून जात नाही.

तुम्ही शेवटी विचारलंय, "इंजेक्शन देऊन जीव घेणं पाप ना?" हा प्रश्न आपल्याआधी फार मोठ्या माणसाला पडलाय. १९२८ साली साबरमती आश्रमात एक वासरू असह्य वेदनेत होतं आणि उपाय उरला नव्हता. गांधीजींनी त्याला विषाचं इंजेक्शन देऊ दिलं. त्यावर लोकांनी त्यांना संतापाची पत्रं लिहिली. अहिंसेचा माणूस असं कसं करतो, म्हणून. गांधीजींचं म्हणणं असं होतं की जिवाच्या भल्यासाठी, त्याची वेदना थांबवायला, दुसरा मार्गच नसताना केलेलं हे कृत्य अहिंसेत बसतं. आपल्या सेवाग्रामचा म्हातारा एवढं सोसून सांगून गेला असेल, तर तुम्ही स्वतःला पापी म्हणू नका.

तेव्हा माझा सल्ला असा. एफडी, पोस्ट आणि बांगड्या, तिन्हींना हात लावू नका. सेव्हिंगमध्ये २४,००० उरलेत. त्यातले १०,००० आजच चिंगीच्या नावाने वेगळे काढा, पाकिटात घालून देव्हाऱ्याजवळ ठेवा. त्यातून आधी शेवटच्या इंजेक्शनची आणि घरी येण्याची फी बाजूला करा. तुमच्या डॉक्टरांनी ती २,५०० सांगितली आहे. जमलं तर आधीच देऊन टाका. त्या दिवशी दारात उभं राहून कुणाला फोनवर स्कॅन करत बसावं लागू नये. उरलेल्या ७,५०० मध्ये तिचे हे दिवस सुखाचे करा. मळमळ थांबवणारं औषध, भूक लागायचं औषध, आणि कातडीखाली द्यायचं सलाइन. ते घरी कसं द्यायचं हे डॉक्टर शिकवतील. बाटली आधी कोमट पाण्यात ठेवावी लागते, नाहीतर थंडगार पाणी अंगात गेल्यावर ती कळवळते. आता पथ्याचं महागडं खाणं घेऊ नका, ती जे खाईल ते द्या. पैसे वाचवायला घरातली पॅरासिटामॉल मात्र कधीही देऊ नका. मांजरीला एक गोळीसुद्धा विषासारखी असते.

आणि दोघांनी मिळून आजच, डोकं शांत असताना, एका कागदावर लिहून ठेवा की काय झालं की थांबायचं. सलग दोन दिवस तोंडात काही घेतलं नाही. उठून ट्रेपर्यंत जाता आलं नाही. काकांच्या हाकेला कान हलला नाही. तुम्ही लिहिलंय, ती पाण्याच्या वाटीपाशी जाते, तोंड वाटीवर ठेवते आणि न पिता तशीच बसून राहते. मला वाटतं, तो दिवस फार लांब नाही. तो आला की "अजून एक टेस्ट करून बघू" कुणीही म्हणेल, कदाचित काकाच म्हणतील. तेव्हा तो कागद काढा. पहिल्या वेळच्या उपचारांत ३१,००० घातलेत म्हणून आणखी घातलेच पाहिजेत, असं होत नाही.

डॉक्टरांना घरीच बोलवा. नवतप्याच्या कडक उन्हात तिला टोपलीत घालून ऑटोने नेऊ नका. ती कूलरसमोर ज्या जागी झोपते, तिथेच होऊ द्या. आधी गुंगीचं इंजेक्शन द्या, असं आवर्जून सांगा. ती झोपली की मग शिरेतून भुलीचं मोठं प्रमाण देतात आणि काही मिनिटांत हृदय थांबतं. डोळे बहुधा उघडेच राहतात. नंतर एखादा श्वास किंवा झटका येऊ शकतो, पण तेव्हा ती गेलेली असते. काकांना हे आधी सांगून ठेवा.

मुलाच्या "मांजरीवर एवढे पैसे" या बोलण्याचं फार मनाला लावून घेऊ नका. तो आकडे बघतोय. त्याला रात्री तीनची गोष्ट सांगा. ती त्याला माहीत नसेल.

एवढं वाचूनही काकांच्या मनात किंतु राहिला, तर दुसरं मत घ्या. सेमिनरी हिल्सला व्हेटर्नरी कॉलेजच्या दवाखान्यात सकाळी लवकर जा. खाजगीपेक्षा तिथे बराच कमी खर्च येतो. रक्ताचे दोन्ही रिपोर्ट आणि सोनोग्राफी दाखवा आणि एवढंच विचारा, "ही तुमच्या घरची असती तर काय केलं असतं?" चिंगीला सोबत नेऊ नका, फक्त कागद न्या. काकांना तिच्याजवळ बसू द्या.