गिटारच्या किटला रंग केव्हा द्यावा?

प्रश्न : मी इलेक्ट्रिक गिटारचे जोडणी-किट मागवले आहे. बॉडी बासवूडची आहे आणि मेपलची नेक (दांडा) चार स्क्रूंनी बसते. आमच्या ओळखीचे पॉलिश मिस्त्री एनसी (नायट्रोसेल्युलोज) लॅकरचा गडद लाल रंग फवारून देण्यास तयार आहेत. गणपतीत ही गिटार वाजवण्याची फार इच्छा आहे. आधी रंग द्यावा की आधी जोडणी करावी?
– एक वाचक, परभणी

उत्तर : आधी जोडणी, मग रंग. किटमधील खाचा आणि भोके तंतोतंत असतीलच असे नाही, आणि रंग चढल्यानंतर कानस किंवा ड्रिल चालवण्याची वेळ आली, तर सगळ्या मेहनतीवर पाणी पडते. म्हणून कोऱ्या लाकडावरच नेक, ब्रिज (बॉडीवरील तारांचा आधार) आणि तारा पिळण्याच्या चाव्या एकदा बसवून पाहाव्यात.

सर्वाधिक वेळ ब्रिजच्या जागेसाठी द्यावा. आपल्या किटची स्केल (वाजणाऱ्या तारेची लांबी) २५.५ इंच, म्हणजे ६४८ मिलिमीटर असेल, तर नटपासून (नेकच्या वरच्या टोकाला तारा टेकतात ती पट्टी) बाराव्या फ्रेटपर्यंत (नेकवरील धातूची आडवी पट्टी) ३२४ मिलिमीटर भरले पाहिजेत आणि तेथून तेवढेच अंतर पुढे मोजल्यावर बारीक ई तारेच्या सॅडलची (ब्रिजवर तार टेकते त्या सरकत्या तुकड्याची) जागा येते. मोजमाप घेताना ते सॅडल नेकच्या बाजूला सरकवून ठेवावे, कारण पुढे सूर जुळवताना ते मागेच न्यावे लागते. जाड ई तारेचे सॅडल तर त्याहून दोन-तीन मिलिमीटर अधिक मागे जाते. दोन्ही कडेच्या तारा फिंगरबोर्डच्या (नेकवरील बोटे दाबण्याच्या पट्टीच्या) काठांपासून सारख्या अंतरावर आहेत याची खात्री झाल्यावरच खुणा कराव्यात. प्रत्येक ठिकाणी स्क्रूपेक्षा बारीक भोक आधी पाडावे आणि स्क्रूच्या आट्यांना मेण चोळावे. मेपल कठीण असल्याने कोरडा स्क्रू जोर लावून पिळल्यास त्याचे डोके तुटून हातात येते.

आता रंगाविषयी. एनसी लॅकरमधील थिनर झपाट्याने उडतो, त्यामुळे पृष्ठभाग थंड पडतो आणि दमट हवेतील बाष्प त्यावर धरते. गडद लाल रंगावर तर हा दुधाळ थर लगेच डोळ्यांत भरतो. रिटार्डर (सावकाश उडणारा) थिनर घालून पावसाच्या उघडिपीत काम निभावता येते, झड लागलेली असताना मात्र नाही. भर मे महिन्यात, पारा चाळीसच्या वर असताना फवारणेही तितकेच चुकीचे, कारण लॅकर हवेतच अर्धवट सुकून पृष्ठभाग खरखरीत होतो. दसऱ्यानंतरची कोरडी हवा आपल्या मराठवाड्यात या कामाला उत्तम. तेव्हा गणपतीत गिटार कोऱ्या लाकडाचीच वाजवावी, वाजवण्यापूर्वी हात स्वच्छ धुवावेत, आणि पाऊस सरल्यावर ती खोलून रंगास द्यावी, असे मी आग्रहाने सुचवीन.

बासवूड मऊ असते. नखानेही त्यावर खळगा पडतो. असा खळगा ओले फडके ठेवून वरून गरम इस्त्री टेकवली की बहुधा फुगून वर येतो. त्यानंतर १८०, २२० आणि ३२० नंबरचे पॉलिश पेपर, रेषांच्या दिशेनेच, क्रमाने चालवावेत. रंग थेट लाकडात मुरवल्यास बासवूडवर डाग-डाग दिसतात, म्हणून आधी सँडिंग सीलर (लाकडाची छिद्रे बुजवणारा पहिला थर) आणि त्यावर रंग मिसळलेले लॅकरचे पातळ हात द्यावेत, असे मिस्त्रींना सांगावे. नेक बसण्याची खाच चिकटपट्टीने झाकण्यास विसरू नये. तेथे रंगाचा थर साचला तर नेक नीट टेकत नाही. थिनरचा वास पूर्ण जाईपर्यंत पुन्हा जोडणी करू नये.

वायरिंगमध्ये एकाच गोष्टीवर विशेष लक्ष ठेवावे. ब्रिजखालून येणारी अर्थची तार धातूला घट्ट लागलेली असावी आणि तिचे दुसरे टोक व्हॉल्यूम पॉटच्या (आवाज कमी-जास्त करण्याच्या बटणाखालील भागाच्या) पाठीला डाग देऊन जोडलेले असावे. त्या पाठीवर आधी पॉलिश पेपर घासला की कथिल चांगले धरते. तारांना हात लावताच घरघर वाढली, तर सर्वप्रथम हीच जोडणी तपासावी.