भारत आणि चीन : बाजारांच्या तुलनेत कोणता मापदंड धरावा?

प्रश्न : भारत आणि चीन यांच्या वित्तबाजारांच्या वाटचालीवर मी एक दीर्घ टिपण तयार करीत आहे. शेअर बाजाराच्या एकूण मूल्याचे सकल देशांतर्गत उत्पादनाशी असलेले प्रमाण पाहिले, तर अलीकडे भारत पुढे दिसतो. वित्तव्यवस्था मात्र चीनचीच मोठी, असे सगळे सांगतात. यातले खरे काय मानावे?

उत्तर : आपण घेतलेले प्रमाण टाकाऊ नाही, पण त्यात भावातील चढउतार आणि बाजाराचा विकास यांची सरमिसळ होते. 2007 च्या अखेरीस दोन्ही देशांत ते 100 टक्क्यांच्या वर होते आणि वर्षभरातच निम्म्यापेक्षाही खाली आले. त्या वर्षात भाव कोसळले. कायदे, नियामक आणि व्यवहारपूर्तीची यंत्रणा होती तशीच राहिली. म्हणून एखाद्या वर्षाचा आकडा न घेता दहा-दहा वर्षांची सरासरी काढावी.

सुरुवातीचे वर्षही विचारपूर्वक निवडावे लागेल. मुंबईचा बाजार 1875 चा आणि शांघायचा आजचा बाजार 1990 च्या अखेरचा असला, तरी सेबीला, म्हणजे भारतातील शेअर बाजारांच्या नियामक मंडळाला, वैधानिक अधिकार मिळाले ते 1992 मध्ये आणि चीनचा रोखे नियामक आयोगही त्याच वर्षी स्थापन झाला. तेव्हा 1992 पासून मोजणे न्याय्य ठरेल.

भारतापुढची तेव्हाची अडचण कागदाची होती. शेअर विकला की प्रमाणपत्राला हस्तांतरपत्र जोडून ते कंपनीकडे जाई आणि सही जुळत नाही म्हणून कित्येक आठवड्यांनी परत येई. बाजारात याला ‘बॅड डिलिव्हरी’ म्हणत. 1994 मध्ये राष्ट्रीय शेअर बाजारात पडद्यावरचे व्यवहार सुरू झाले, 1996 च्या डिपॉझिटरी कायद्याने डीमॅटची, म्हणजे समभाग कागदाऐवजी संगणकीय नोंदीत ठेवण्याची, वाट मोकळी केली, 2001 मध्ये ‘बदला’, म्हणजे पैसे किंवा शेअर न देता सौदा पुढे ढकलत राहण्याची पद्धत, बंद झाली आणि जानेवारी 2023 पर्यंत सौदापूर्ती एका दिवसावर आली. माझ्या मते विकास तो हाच, आणि नेमका तोच आपल्या प्रमाणात उमटत नाही.

चीनचा पेच मालकीचा होता. नोंदणीकृत कंपन्यांचे सुमारे दोन तृतीयांश समभाग सरकार आणि सरकारी संस्थांकडे होते आणि ते बाजारात विकताच येत नसत. उरलेल्या एक तृतीयांश समभागांना मिळणाऱ्या भावाने सगळ्या समभागांना गुणले की बाजारमूल्य फुगलेले दिसे. 2005 मध्ये सुरू झालेल्या सुधारणेने हे समभाग टप्प्याटप्प्याने खुले झाले. त्याआधीच्या वर्षांसाठी केवळ विक्रीयोग्य समभागांचे मूल्य धरावे, नाहीतर आपला आलेख पहिल्याच टप्प्यात चुकेल. नव्या समभागविक्रीला नियामकाची मंजुरी लागण्याची पद्धतही तिथे 2023 पर्यंत पूर्णपणे गेली नव्हती. भारतात नव्या समभागांच्या किमतीवरचे सरकारी नियंत्रण 1992 मध्येच उठले.

आता ‘सगळे सांगतात’ त्याविषयी. खाजगी क्षेत्राला दिलेले कर्ज पाहिले, तर चीनमध्ये ते सकल उत्पादनाच्या 150 टक्क्यांहून बरेच अधिक आहे, भारतात 50 टक्क्यांच्या आसपास. म्हणजे तेही चुकीचे नाही. ते बँकांबद्दल बोलत आहेत, आपण शेअर बाजाराबद्दल. कर्जरोख्यांसाठी वेगळा रकाना ठेवावा, कारण चीनचा रोखे बाजार आकाराने अमेरिकेच्या खालोखाल आहे. मात्र तिथले बरेचसे सरकारी रोखे बँकांच्याच ताब्यात असल्याने तो रकाना बँकांपासून पूर्णपणे स्वतंत्र समजू नये.